सतराची बाकी

हेडसर सबनीसांनी फळ्यावर ओळीनं आठ तीन काढले, शेवटी एक काढला, हात झटकले आणि आम्हा शिक्षकांकडे वळून विचारलं, "सांगा, हिला कशानं भाग जातो?"

आम्ही अकरा जण होतो आणि चहा निवत होता. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, पाचानं. ज्या संख्येच्या शेवटी एक आहे तिला पाचानं भाग जातो असं समजणारा हा माणूस आमच्याकडे गणिताचे रिकामे तासही घ्यायचा. त्यावरून शाळा कशी होती ते ओळखा.

"कशानंही नाही," सबनीस म्हणाले. "ही मूळ संख्या आहे. स्वतःखेरीज आणि एकाखेरीज हिला कुणीही भागू शकत नाही. आणि हे आपली शाळा सिद्ध करणार आहे."

ही गोष्ट एकोणसत्तर सालच्या डिसेंबरातली. नाशिक जिल्ह्यातलं हातमागांचं गाव, घरोघरी खटखट चाललेली, आणि त्यात ही आमची शाळा. मी, वामन धायगुडे, वय वर्षं पंचवीस, बी.एस्सी.ला गणितात पहिला वर्ग, तिथं दोन वर्षं तात्पुरता शिक्षक म्हणून सडत होतो. सडत होतो असंच मी तेव्हा म्हणायचो, तोंडावर नाही, पण खोलीवर गेलं की भिंतीला ऐकवायचो. त्या शाळेत एकाही माणसाला मी माझ्या जोड्याजवळ उभं करायला तयार नव्हतो, आणि सबनीसांना तर मुळीच नाही.

सबनीसांचं वेड असं. एकतीस ही मूळ संख्या. तीनशे एकतीस ही पण. तीन हजार तीनशे एकतीस, तीही. पुढे एकेक तीन वाढवत जा, दर वेळी मूळ संख्याच मिळते. अशा सात संख्या त्यांनी स्वतः तपासल्या होत्या. सातवीला दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या, सातशेच्या वर भागाकार केले, डोळ्याला चष्मा लागला. सात जमल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की हे असंच चालणार, अनंतापर्यंत. सात घरी चहा मिळाला म्हणून आठव्या घरीही मिळेल असं समजून दार वाजवणाऱ्यातला हा प्रकार, पण हे त्यांना सांगणार कोण?

आता आठवी, म्हणजे ३३३३३३३३१. हिची खात्री करायची तर सव्वाअठरा हजारांच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं तिला भागून बघायला हवं. असे दोन हजारांवर भागाकार. सबनीसांचे डोळे आता साथ देईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कामाला लावली. प्रत्येक मुलाला त्याच्या वाट्याचे भाजक, एक मोठी वही, वहीत भाजक, बाकी आणि नाव, सगळं ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. सव्वीस जानेवारीला नाशिकच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक पाहुणे म्हणून येणार, त्यांच्या हस्ते शाळेच्या दर्शनी भिंतीवर दगडी पाटीचं अनावरण. पाथरवटाला आगाऊ सांगूनही झालं होतं.

वाटणी तुकडीप्रमाणे. आमच्याकडे सगळंच तुकडीप्रमाणे असायचं, पिण्याच्या पाण्याच्या रांगेपासून. अ तुकडीच्या हुशार मुलांना पाच आकडी भाजक, ब आणि क ला त्याखालचे, आणि ड तुकडीला, "त्यांना दुसरं काय झेपणार," म्हणून सात, अकरा, तेरा, सतरा अशा चिल्लर संख्या. अक्कल असलेला माणूस या चिल्लर संख्या आधी स्वतः विडीच्या पाकिटावर भागून बघेल. मी तसं सुचवलंही. सबनीस हसले. म्हणाले, "अहो धायगुडे, सतरानं मागच्या सातांना भाग गेला नाही. तो आताच कसा जाईल? सतरा बदलला का?"

मला हसू आवरेना. मी रुमाल तोंडाला लावला आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

आठवी ड माझ्याकडे होती. त्रेचाळीस टाळकी. मी त्यांना शिकवत असे म्हणजे फळ्याशी बोलत असे. त्यातली एक द्वारका वखारे. बाप साळी, पैठणीचा माग घरात, आई रीळ भरणार, ही शाळेत यायच्या आधी दोन तास तिच्या जोडीला. सहावीत टायफॉइडनं परीक्षा बुडाली म्हणून ड मध्ये आली आणि मग तिथंच राहिली, कारण ड मधून वर कुणी जात नसे. बोलायची कमी. त्या दिवाळीनंतर एकदा मात्र ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली होती, की नववीला मला बीजगणित-भूमिती घ्यायचंय.

नववीला तेव्हा आमच्याकडे दोन वाटा होत्या. एक बीजगणित-भूमितीची, ती पुढे शास्त्राकडे जायची. दुसरी सामान्य गणिताची, तिच्यात व्याज आणि टक्केवारी शिकायची आणि शास्त्राचं दार कायमचं बंद. ड तुकडीतल्या मुलांना, आणि मुलींना तर न विचारताच, सामान्य गणित दिलं जायचं. वर्गशिक्षकानं शिफारस केली तरच अपवाद. मी विचारलं, तुला कशाला हवंय बीजगणित? ती म्हणाली, "त्यात आकडा माहीत नसला तरी हिशेब करता येतो म्हणे, सर. ते कसं करतात ते मला बघायचंय."

मी बघू म्हणालो. मला ते उत्तर आवडलं होतं, हे मी तिला कळू दिलं नाही. ड तुकडीच्या पोरीचं उत्तर आवडणं मला कमीपणाचं वाटलं.

भागाकाराच्या दिवशी द्वारकाच्या वाट्याला सतरा आला. अर्ध्या तासात ती वहीवर बाकी लिहून जागेवर जाऊन बसली. मी वही पाहिली. सतरा, पुढे गोल शून्य, पुढे द्वारका वि. वखारे.

मी तिला उभं केलं आणि वर्गासमोर झाडलं. म्हटलं, सोपा आकडा दिला तोही धड भागता येत नाही, परत कर. तिनं परत केला. शून्य. मी म्हटलं, आणखी एकदा. ती कागद घेऊन टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, मी दुसऱ्या रीतीनं पण करून बघितलं."

कागदावर एका रेघेत आकडे होते. चौदा, आठ, सोळा, अकरा, बारा, पाच, तीन, शून्य. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, एकतीसपासून आठही संख्यांना सतरानं भागलं की उरणाऱ्या बाक्या. पण आठ भागाकार करावेच लागत नाहीत. पुढची संख्या म्हणजे मागचीची दहापट अधिक एकवीस, आणि एकवीसातून सतरा गेले की चार; म्हणून मागच्या बाकीला दहानं गुणायचं, चार मिळवायचे, सतरानं भागायचं, की पुढची बाकी येते. शेवटून दुसरी तीन. तीन दाहे तीस आणि चार चौतीस. सतरा दुणे चौतीस. उरलं काही नाही.

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारं त्या गावात मी सोडून कुणी नव्हतं आणि मी शिकवत नव्हतो. पहिल्या वर्गाच्या बी.एस्सी.ला जे सुचलं नाही ते रीळ भरणाऱ्या पोरीनं अर्ध्या तासात काढलं होतं, आणि वर सबनीसांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात होतं. सतरा बदलला नव्हता, बाकी बदलत आली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

"बघतो," मी म्हणालो आणि कागद खिशात घातला.

मधल्या सुट्टीत मी स्वतः भागलं. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस गुणिले सतरा. बरोबर ३३३३३३३३१. मी उठलो आणि सबनीसांच्या खोलीकडे गेलो. खरंच सांगायला गेलो होतो, एवढं श्रेय मी स्वतःला देतो, आणि एवढंच.

सबनीस पाथरवटाशी बोलत होते. सहा तीन कोरून झाले होते, उरलेले दोन दाटीवाटीनं बसणार म्हणून पाथरवट कुरकुरत होता. मला पाहून सबनीस प्रसन्न झाले. बसा म्हणाले. म्हणाले, तुमच्यासारखा गणिताचा माणूस या शाळेला हवाच, एप्रिलमध्ये मंडळाची सभा आहे, तुम्हाला कायम करण्याचं पत्र मी आजच लिहून ठेवलंय. आणि विचारलं, "कुणाचा भाग गेला नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

परत येताना मी मनात मोठी मौज करत होतो. म्हटलं, घे, कोर तुझा दगड. या गाढवाच्या शाळेवर जन्मभर खोटी संख्या मिरवू दे, मी येता-जाता बघून हसेन. मी हे भ्यालो म्हणून करतोय, कायम होण्यासाठी करतोय, असं मनात येऊच दिलं नाही. दुसऱ्याला मूर्ख म्हणत राहिलं की आपण काय करतोय ते दिसत नाही, हा शोध मात्र माझा स्वतःचा आहे.

वर्ग रिकामा होता. मी वही उघडली आणि द्वारकाच्या शून्याच्या आधी एक लिहिला. बाकी दहा. एक रेघ, तिला वेळ तो किती लागतो.

आठ दिवसांनी प्रार्थनेच्या वेळी सबनीसांनी जाहीर केलं, की एकाही भागाकारात बाकी शून्य आली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. द्वारका रांगेतून माझ्याकडे बघत होती. तास सुटल्यावर तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, सतराचं काय झालं?"

"तुझा भागाकार चुकला होता."

"कुठं चुकला?"

मी म्हणालो, ड तुकडीत बसून वाद घालू नकोस. ती गेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, लेझीम झालं, पाटीवरचा पडदा बाजूला झाला. "या शाळेच्या विद्यार्थ्यांनी सिद्ध केलेली मूळ संख्या", आणि खाली ती संख्या, तिनाचे शेवटचे दोन आकडे एकमेकांना चिकटलेले. नाशिकचे प्राध्यापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी भाषणात मुलांचं कौतुक केलं. नंतर हेडसरांच्या खोलीत फराळाला बसल्यावर त्यांनी निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि चिवडा खाता खाता मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी मांडलं. पुन्हा मांडलं. मग बशी खाली ठेवली आणि सबनीसांना हळू आवाजात म्हणाले, "सतरानं पाहिलं होतं का आपण?"

सबनीसांनी पत्रिका हातात घेतली. चष्मा पुसला, पुन्हा लावला. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी खूष होतो. दोन वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर आला होता, फुकटात. मग सबनीसांनी वही मागवली आणि माझी खुशी संपली.

पान उघडलं. सतरा, बाकी १०, द्वारका वि. वखारे, आठवी ड. सबनीसांच्या जिवात जीव आला. त्यांची रीत बरोबर होती, संख्येचं काय ते नशीब, चुकली होती ती ड तुकडीतली एक मुलगी. त्यांनी पाहुण्यांना तसं समजावून सांगितलं. पाहुणे पाणी प्यायले, गाडीची वेळ झाली म्हणाले आणि निघून गेले. मग द्वारकाला बोलावलं. खोलीत सबनीस, मी आणि ती, एवढेच.

"सतराचा भागाकार तू केलास?"

"हो, सर."

"बाकी दहा आली?"

तिनं वही पाहिली. आधी आकडा पाहिला, मग मला पाहिलं.

"बाकी शून्य आली होती, सर. मी शून्य लिहिलं होतं. हा एक माझा नाही."

"मग कुणाचा?"

तिनं माझं नाव घेतलं नाही. माझ्यासाठी तिनं जागा ठेवली होती, बोलायला. आज पन्नासहून जास्त वर्षांनी ती खोली मला दिसते तेव्हा पहिल्यांदा ती जागा दिसते. तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. दुसरी मिळाली असती. बी.एस्सी. पहिला वर्ग होतो मी.

सबनीस माझ्याकडे वळले. "अहो धायगुडे, ही काय म्हणते?"

"खोटं बोलते," मी म्हणालो. "तीन वेळा करायला लावलं, तीन वेळा चुकली. आता अंगावर आलं म्हणून थापा मारते."

सबनीसांनी वही डोळ्यांजवळ नेली. माझे आकडे ते दोन वर्षं प्रगतिपुस्तकांवर बघत होते. माझ्या एकाची शेपटी लांब, खाली वळलेली, सगळ्या शाळेत तशी दुसऱ्या कुणाची नव्हती. त्यांनी ती पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मग वही मिटली. शिक्षकानं वहीत फेरफार केला असं निघालं तर शाळा जाते, पोरीनं थाप मारली असं निघालं तर पोर जाते, हा हिशेब त्यांना सतराच्या भागाकारापेक्षा सोपा गेला. दोन वर्षं मी ज्याला मूर्ख समजत होतो तो मूर्ख नव्हता. माझ्यासारखाच होता.

तिला माफी लिहून द्यायला सांगितलं. तिनं दिली नाही. आठ दिवस वर्गाबाहेर उभी राहिली, माझ्याच वर्गाबाहेर, आणि मी आत फळ्याशी बोलत राहिलो. वडील एकदा आले. त्यांनी हात जोडून एवढंच सांगितलं, की पोरीचं चुकलं असेल तर शिक्षा करा, पण ती खोटं बोलत नाही. सबनीसांनी त्यांना उभ्या उभ्याच वाटेला लावलं. पाटी फेब्रुवारीत उतरवली आणि पालथी करून पाण्याच्या टाकीच्या नळाखाली बसवली. मुलं तिच्यावर पाय धुवायची.

मंडळाची सभा एप्रिलऐवजी मार्चमध्येच झाली. मला कायम केल्याचं पत्र मिळालं आणि पुढच्या जूनपासून नववी-दहावीचं बीजगणितही. त्याच आठवड्यात नववीचे फॉर्म भरायचे होते. पत्र खिशात आल्यावर मला एकदम मोठं मन झालं. मी द्वारकासाठी सबनीसांकडे शब्द टाकला. त्यांनी मान हलवली, आम्हा दोघांना एकमेकांचं मन मोडणं परवडणारं नव्हतं. मग मी तिच्या फॉर्मवर स्वतःच्या हातानं बीजगणित-भूमिती लिहिलं, खाली शिफारस लिहिली आणि तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी फॉर्म तिच्याकडे वळवला आणि म्हणालो, झालं गेलं विसरून जा. ड मधून आजवर कुणाला मिळालं नाही ते तुला मिळतंय. हुशार आहेस तू.

तिनं सगळं वाचलं, सावकाश, माझी शिफारससुद्धा. तिला ते हवं होतं. वाचताना तिचे ओठ हलत होते आणि बीजगणित या शब्दावर तिचं बोट थांबलं होतं, ते मी पाहिलं. मला वाटलं, फिटलं.

"नववीला बीजगणित कोण शिकवणार, सर?"

"मीच," मी म्हणालो. जरा कौतुकानंच म्हणालो.

तिनं माझ्या टेबलावरचा टाक उचलला, मी लिहिलेल्या दोन शब्दांवर पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, सामान्य गणित. फॉर्म माझ्याकडे वळवला.

"सही करा."

मी म्हणालो, अगं, वेडी का तू, शास्त्र बंद होईल, परत मिळायचं नाही. ती बोट ठेवून सहीची जागा दाखवत राहिली, एखाद्या ढ मुलाला दाखवावी तशी. मी सही केली. ती शाई वाळेपर्यंत थांबली, कागद उचलला, आणि "जाऊ का, सर?" असं न विचारता निघून गेली.